उसने पुस्तक : मराठी कादंबरीच्या वाचकाचा काल आणि उद्या

१

अप्पा बळवंत चौकात सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, तर पुण्यात आता कोणी वाचत नाही असे म्हणायला जीभ रेटणार नाही. पाठीला सॅक, हातात यादी आणि खिशात मोजके पैसे घेऊन आलेली मुले-मुली दुकानांच्या काउंटरपुढे तीन-तीन रांगांत उभी असतात. राज्यसेवा, बँक, सी.ए., विधी, अभियांत्रिकी, शाळेची गाईडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या थप्प्या फुटपाथपर्यंत आलेल्या असतात. कथा-कादंबऱ्या काही दुकानांत आत, वरच्या फळीवर असतात. काही दुकानांत नसतातच. वाचकांची एवढी दाटी आणि तीत ललित साहित्याला एवढी थोडी जागा, हे दृश्य मी बुधवार पेठेत राहत असल्यामुळे रोज पाहतो.

गेल्या वर्षी जून महिन्यात याच चौकात एका मुलाने माझ्या शेजारी उभे राहून विचारले, "केतकरांची 'ब्राह्मणकन्या' आहे का? आणि तिच्या नोट्स?" दुकानदार म्हणाला, "नोट्स आहेत. पुस्तक मागवावं लागेल." मुलाने नोट्स घेतल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी ज्यांनी मराठी साहित्य हा ऐच्छिक विषय घेतला आहे, त्यांना केतकरांची ही १९३० सालची कादंबरी नेमलेली आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ सालचा कथासंग्रहही त्याच यादीत आहे. मी त्या मुलाला म्हणालो, "माझ्याकडे आहे 'ब्राह्मणकन्या'. घर इथेच आहे. नेऊन वाच आणि परत आणून दे." तो क्षणभर बिचकला. "किती द्यावे लागतील, सर?" असे त्याने विचारले. काही नाही म्हटल्यावर तो आणखीच बिचकला.

बारा दिवसांनी त्याने पुस्तक परत आणले. केतकरांविषयी तो थोडेच बोलला. जाताना दारात थांबून त्याने विचारले, "सर, असं वाचायला पुस्तक इथं कुठं मिळतं का?"

मराठी कादंबरीच्या भवितव्याविषयी मी बरेच वाचले आहे, थोडे लिहिलेही आहे. परिसंवादांत या विषयाची चर्चा बहुधा दोनच दिशांनी जाते. एक पक्ष म्हणतो, लेखक कसदार लिहीत नाहीत म्हणून वाचक दुरावले. दुसरा म्हणतो, वाचकच मोबाइलमध्ये गेले, लेखकांनी काय करावे? त्या मुलाचा प्रश्न या दोन्हींत बसत नाही. त्याला पुस्तक हवे होते आणि ते लिहिले गेलेलेही होते. त्याला ठाऊक नव्हती ती मधली व्यवस्था. एखादे पुस्तक विकत न घेता, काही दिवसांपुरते आपले करण्याची व्यवस्था.

प्रस्तुत लेखात मी मांडू पाहतो तो मुद्दा असा : मराठी कादंबरीचा वाचक हा मुख्यतः उसने पुस्तक वाचणारा वाचक आहे. त्याच्यासाठी आपल्या समाजाने वेळोवेळी वेगवेगळ्या सोयी उभारल्या, आणि जशी सोय तशी कादंबरी घडत गेली. म्हणून उद्याच्या कादंबरीविषयी बोलायचे, तर आज अशी कोणती सोय आपल्यापाशी उरली आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

२

पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. १८४८ या एकाच वर्षी बुधवार पेठेत दोन आरंभ झाले. जानेवारीत भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. ती बुधवार वाड्यात होती. तो वाडा १८७९च्या मे महिन्यात आगीत नष्ट झाला, पण ग्रंथालय टिकले आणि पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ते लक्ष्मी रस्त्याने जाणाऱ्यांच्या परिचयाचे झाले. भिडे वाडा मात्र २०२३च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला.

या दोन घटनांची सांगड आपल्या वाङ्मयेतिहासात सहसा घातली जात नाही. ग्रंथालयाची नोंद प्रबोधनाच्या प्रकरणात होते आणि शाळेची स्त्रीशिक्षणाच्या. कादंबरीच्या दृष्टीने पाहिले तर या दोन्ही मिळून एकच गोष्ट होतात. एका ठिकाणी पुस्तक ठेवण्याची जागा झाली. दुसऱ्या ठिकाणी, ज्यांनी पुस्तक हाती धरू नये असे समाजाने ठरवले होते त्यांना अक्षरे दिली गेली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बाबा पदमनजींची विधवांच्या स्थितीवरची 'यमुनापर्यटन' १८५७ची. म्हणजे जिला आपण मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानतो, तिच्या आधी दोन वर्षे या शहरातल्या एका मुलीने वाचून-लिहून समाजाला जाब विचारला होता.

आणि तरी दुरावा होता. ग्रंथालय एका वर्गाचे होते आणि शाळा दुसऱ्यांची. जोतीरावांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेला येण्यास पत्राने नकार दिला, ते याच दुराव्यामुळे. ज्यांच्या सुखदुःखाची तुमच्या ग्रंथांत दखल नाही, त्यांनी तुमच्यात का मिसळावे, असा त्या पत्राचा आशय होता. मराठी वाचकाच्या प्रश्नाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत नेमकी मांडणी आहे असे मला वाटते. वाचक कमी का, असे आपण आज विचारतो. कोणाला वाचक मानले, हे जोतीरावांनी तेव्हाच विचारले होते.

३

अप्पा बळवंत चौकापासून जवळच आनंदाश्रम आहे. महादेव चिमणाजी आपट्यांनी संस्कृत हस्तलिखितांच्या जतनासाठी आणि प्रकाशनासाठी ही संस्था काढली. त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे तिचे व्यवस्थापक होते आणि तिथेच राहत. म्हणजे एकीकडे शेकडो वर्षे टिकलेल्या पोथ्यांची व्यवस्था पाहायची आणि दुसरीकडे आठवड्याने जुन्या होणाऱ्या अंकासाठी मजकूर लिहायचा, असे त्यांचे दुहेरी जगणे होते. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्ष्यात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः आली.

हरिभाऊंच्या कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आरोप जुना आहे आणि तो खोटाही नाही. पण तो करताना आपण बांधलेले पुस्तक हातात धरलेले असते. हप्त्याने वाचणाऱ्याला मागच्या आठवड्याची आठवण करून द्यावी लागते, घरात नव्याने ऐकायला बसलेल्यांना ओळख करून द्यावी लागते, आणि पुढच्या अंकापर्यंत पुरेल एवढी उत्कंठा ठेवावी लागते. यमू आपली हकिगत सांगताना थांबते, मागे वळते, वाचणाऱ्याला मध्येच काही विचारते. या लकबीतला काही भाग यमूच्या स्वभावाचा आहे, तर काही 'करमणूक'च्या छपाईच्या वेळापत्रकाचा. पुस्तक म्हणून जो दोष, तो हप्ता म्हणून गुण होता. हप्त्यांचा धोकाही हरिभाऊंनी भोगला : त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

साप्ताहिकाचा अंक एकाच्या नावाने येई आणि घरभर फिरे. वाचता येणारी एखादी मुलगी किंवा सून वाचे आणि बाकीच्या ऐकत, ही त्या काळच्या घरांतली सर्वपरिचित गोष्ट. त्या ऐकणाऱ्यांत केशवपनाच्या भीतीने जगणाऱ्या आणि केशवपन झालेल्या बायका होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कादंबरीच्या नावातला प्रश्न कोणाला उद्देशून आहे हे कळते. हरिभाऊंच्या वाङ्मयीन स्नेहवर्तुळातल्या काशीबाई कानिटकर स्वतः कादंबरीकार झाल्या. वाचणाऱ्या बाईतून लिहिणारी बाई तयार होण्याला मधे फार अंतर लागले नाही.

हप्त्याची ही सोय पुढे मासिकांनी उचलली. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा जाडजूड अंक घेऊन तो शेजारीपाजारी फिरवण्याची चाल पडली. आपण हा लेख ज्या प्रकारच्या अंकात वाचत आहात, तोही त्याच उसनवारीवर जगत आला आहे. एका वर्गणीदारामागे वाचणारे किती, हे कोणत्याही संपादकाला खात्रीने सांगता आलेले नाही.

४

आता घरातला पुरावा. माझी आई तांबड्या जोगेश्वरीच्या मागच्या बाजूला एका वाड्यात लग्न होऊन आली आणि तिथेच तिची चाळीस वर्षे गेली. गल्लीच्या तोंडाशी एक खासगी वाचनालय होते. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी. पुस्तकांना खाकी कागदाचे कव्हर, पाठीवर शाईने घातलेला क्रमांक, आणि पहिल्या, शेवटच्या व मधल्या एका ठरावीक पानावर शिक्का. काउंटरमागचे गृहस्थ प्रत्येकाची आवड जाणून असत. "वहिनी, हे नका नेऊ, शेवट गुंडाळलाय," असे ते आईला सांगत आणि आई ते पुस्तक हमखास नेई.

आईने १९७४ ते १९८८ या काळात वाचलेल्या पुस्तकांची एक वही ठेवली होती. ती मला तिच्या मागे, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडली. तारीख, पुस्तक, लेखक आणि एक-दोन शब्दांचा शेरा, एवढेच त्यात आहे. "बरे." "शेवट घाईचा." "रडू आले." "वरच्या आजींना वाचून दाखवले." "पुन्हा आणणे." एका घरातल्या वहीवरून समाजाचे अनुमान काढू नये, हे मला कळते. पण वाङ्मयेतिहासांतून जे दिसत नाही ते या वहीतून दिसते, म्हणून ती पुढे ठेवतो.

वहीत योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे ही नावे वारंवार येतात. बाबुराव अर्नाळकर आणि नारायण धारप येतात. ते वडिलांसाठी आणलेले, पण शेरे आईचे. पुढेपुढे सुहास शिरवळकर दिसतात, ते माझ्या धाकट्या भावासाठी. यांच्या मधूनमधून श्री. ना. पेंडसे, गो. नी. दांडेकर, जयवंत दळवी, गौरी देशपांडे. आणि १९७६ साली 'कोसला'. शेरा : "अर्धे." १९७९ साली पुन्हा 'कोसला'. शेरा : "पूर्ण. पहिल्यांदा घाई केली."

या दोन नोंदींवर मी खूप विचार केला आहे. 'कोसला' १९६३ची. तिच्यावरचे वाद, लेख, विडंबने सर्वांना माहीत आहेत. पण अवघड पुस्तक अर्धे टाकून परत करणे आणि तीन वर्षांनी काहीतरी आठवून पुन्हा आणणे, ही त्या कादंबरीची हकिगत कुठे लिहिलेली नाही. पुस्तक विकत घेतले असते तर अर्धे टाकल्याचा राग आला असता. महागाचे असते तर घेतलेच नसते. उसने होते म्हणून त्याला दुसरी संधी मिळाली. आणि ते पुस्तक त्या फळीवर टिकले, कारण शेजारच्या फळीवरच्या अर्नाळकरांनी आणि क्षेत्रमाड्यांनी वाचनालयाचे भाडे भरले होते.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचाही आकडा हजारावर जातो. या आकड्यांचे आपण कौतुक करतो किंवा थट्टा करतो, पण त्यामागचे साधे गणित पाहत नाही. रोज एक पुस्तक बदलणारा वर्गणीदार धरून ठेवायचा, तर वाचनालयाला रोज नवे पुस्तक लागते. त्या भुकेतून हा लेखनप्रकार वाढला. त्यात साचा होता, पुनरावृत्ती होती, तशीच वाचनाची सवयही होती. आईचे वडील चौथीपर्यंत शिकले होते आणि जन्मभर फक्त अर्नाळकर वाचत. त्या घरात पुस्तक आले ते झुंजारच्या पाठोपाठ.

५

इथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. १९८० नंतरच्या काळात, नुकताच पदव्युत्तर अभ्यास करून आलेला मी, एका नियतकालिकात 'वाचनालयी कादंबरी'वर एक दीर्घ लेख लिहिला होता. साचेबंद कथानके, खोटी भावुकता, मध्यमवर्गीय स्वप्नरंजन असे तेव्हा हाताशी असलेले सगळे शब्द त्यात होते. राजवाड्यांचा १९०२चा 'कादंबरी' निबंध आणि नेमाड्यांची कादंबरीविषयक मांडणी यांचा आधार घेऊन मी त्या बायकांच्या शंभरेक पुस्तकांचा निकाल दहा पानांत लावला. त्यांतली मी पाच वाचली होती.

आईच्या वहीत त्या लेखाची नोंद आहे. तारीख, नियतकालिकाचे नाव, माझे पूर्ण नाव आणि शेरा : "अर्धे."

तिने तो लेख अर्धा टाकला की लेखाने अर्धेच सांगितले असे तिला म्हणायचे होते, हे आता विचारता येणार नाही. पण दुसरा अर्थ घेतला तर तो शेरा बरोबर आहे. साच्याविषयी मी लिहिले ते चूक नव्हते. त्या कादंबऱ्या आज वाचताना त्यांतल्या नायिकांची सोशिकता अनेकदा असह्य होते. मी चुकलो ते त्या कोण वाचते, कशी वाचते, वाचताना काय गाळते आणि काय ठेवते, हा अर्धा भाग मला समीक्षेचा विषयच वाटला नाही तिथे. आईच्या शेऱ्यांत "हे असे होत नाही" हा शेरा सात वेळा आला आहे, आणि तो तिच्या आवडत्या लेखिकांपुढे आहे. भोळी वाचक म्हणून मी जिची कीव केली, ती बाई वाचता वाचता समीक्षाच करत होती.

गंमत अशी की हा अर्धा भाग समीक्षकांनी सोडला तेव्हा तो न्यायालयांना पाहावा लागला. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने काकोडकरांच्या बाजूने निर्णय दिला. कथेच्या वाङ्मयीन दर्जाची भलामण न्यायमूर्तींनी केली नाही. त्यांनी ती कथा संपूर्ण वाचली, ती कोणाच्या हाती पडेल याचा विचार केला आणि समाजाच्या कसोट्या बदलत असतात हे मान्य केले. लोकप्रिय मराठी कथेच्या वाचकाचा एवढा गंभीर विचार त्या दशकातल्या आमच्या समीक्षेत मला फारसा आढळत नाही.

या उपेक्षेची किंमत आता कळते आहे. नव्वदनंतर घरोघर दूरदर्शन संच आणि मग वाहिन्या आल्या. दुपारच्या दोन तासांत कादंबरी वाचणारी बाई मालिकेकडे वळली. पेठेतल्या जागांचे भाव वाढले आणि एकेक खासगी वाचनालय बंद होत गेले. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या जागी आज मोबाइलची कव्हरे मिळतात. लोकप्रिय कादंबरी गेली तर गंभीर कादंबरीला जागा होईल, असा आमचा तेव्हा समज होता. झाले उलटे. फळीच गेली, त्यामुळे दोन्ही गेल्या. एकेकाळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही साधी गोष्ट होती. आज पाचशे, कधी तीनशे प्रती छापून प्रकाशक वाट पाहतो.

६

मग आज कादंबरी कुठे आहे? ती गेलेली नाही. साहित्य अकादमीचे अलीकडचे मराठी पुरस्कार पाहिले तरी लिहिणाऱ्यांचा भूगोल किती बदलला हे दिसते. किरण गुरव यांच्या कथा, प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', धरणाच्या विस्थापितांविषयीची कृष्णात खोत यांची 'रिंगाण' : कोल्हापूर, सावंतवाडी, पन्हाळ्याच्या परिसरातून हे लेखन आले. पुण्यातल्या पेठा आता मराठी कादंबरीचे केंद्र नाहीत, आणि हे जोतीरावांच्या पत्राला उशिरा मिळालेले उत्तर आहे. दुःख एवढेच, की ज्या गावांतून ही पुस्तके येतात तिथल्या वाचकापर्यंत ती परत पोचत नाहीत. 'रिंगाण'मधल्यासारखे एखादे विस्थापित गाव ती कादंबरी कुठून वाचणार?

वाचनाच्या नव्या सोयीही आल्या आहेत. २०१६च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके आली. २०१७मध्ये स्टोरीटेल भारतात आले, तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. प्रतिलिपीसारख्या मंचावर हजारो जण हप्त्यांनी कथा लिहितात आणि वाचणारे त्याच रात्री अभिप्राय देतात. आमच्या पिढीचे नाक मुरडणे इथेही सुरू झाले आहे. पण मी यापैकी बरेच वाचले आणि ऐकले, आणि मला ते ओळखीचे वाटले. 'करमणूक'चा हप्ता, वाचनालयाचा साचा आणि वरच्या आजींना वाचून दाखवणारी आई या तिन्ही गोष्टी तिथे वेगळ्या रूपात आहेत. धारपांची भयकथा पंचविशीतला मुलगा रात्री कानात घालून ऐकतो, तेव्हा वाचनालयाची फळी हवेत उभी राहते असे म्हणायला हरकत नाही. जपानमध्ये २००७ साली सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळ मोबाइलवर लिहिल्या-वाचलेल्या होत्या. तिथली कादंबरी त्यामुळे संपली नाही.

फरक मला दोन ठिकाणी दिसतो. पहिला काउंटरमागच्या माणसाचा. "शेवट गुंडाळलाय" असे सांगणारा तो गृहस्थ आईला ओळखत होता, आणि तिने वेगळे काही वाचावे असेही त्याला अधूनमधून वाटे. 'कोसला' पहिल्यांदा त्यानेच दिली. मोबाइलवरचे ॲप तुम्ही कुठे थांबलात, काय सोडून दिलेत हे मोजते आणि जे आवडले त्यासारखेच पुन्हा पुढे करते. त्याच्या हिशेबी "अर्धे" म्हणजे नकार. तीन वर्षांनी पुन्हा नेऊन पाहण्याची शक्यता त्या हिशेबात नाही.

दुसरा फरक लिहिणाऱ्या यंत्राचा. आता यंत्राला सांगितले तर ते मराठीत गोष्ट लिहून देते. ती कशी असते? बहुतेक वेळा बरी असते; साच्यात बसते, पुढे काय झाले ते सांगते. अर्नाळकरांच्या हजार पुस्तकांना हसणाऱ्यांनी या यंत्राला घाबरावे हे विनोदी आहे, आणि तरी भीती अगदीच अनाठायी नाही. साचा हा अर्नाळकरांच्याही हाताशी होता. पण त्यांची गोष्ट वाचून कोणी रागावले, तर रागावायला गिरगावात एक माणूस होता. खटला झाला तेव्हा काकोडकर आरोपी म्हणून उभे राहिले. लिहिलेल्याचा जाब देणारे कोणीतरी असणे, हा कथनाच्या करारातला भाग आहे. यंत्राची गोष्ट वाचून आईने "हे असे होत नाही" असा शेरा मारला असता, तर तो कोणापुढे मारला असता?

नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीचे नाव इथे घेतले पाहिजे. माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी व्यवस्था, आकुंचन पावणारी मोकळीक, आणि त्यात तगून राहणारी माणसे असा तिचा पट आहे. २०१४ सालची ही कादंबरी भविष्याविषयी म्हणून वाचली गेली. आज ती वाचताना वर्तमानाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटते. २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. बातमी पुरस्कार नाकारल्याची झाली. कादंबरी किती जणांनी वाचली, हे त्या आठवड्यात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

७

शेवटी उपायांविषयी थोडे. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये १२ हजारांच्या आसपास आहेत. हा आकडा पाहिला की मराठी कादंबरीच्या चिंतेची बरीच चर्चा पोकळ वाटू लागते. यांतल्या निम्म्या ग्रंथालयांनी एखादी चांगली नवी कादंबरी एकेक प्रत घेतली, तरी तिची आवृत्ती सहा हजारांची होईल. तसे होत नाही. तुटपुंजे आणि उशिरा येणारे अनुदान, अपुरे वेतन, आणि सवलतीच्या टक्केवारीवर ठरणारी खरेदी ही कारणे ग्रंथालय चळवळीतले लोक वर्षानुवर्षे सांगत आहेत. ते ऐकणे हे समीक्षकांचे काम नाही असे आम्ही मानत आलो. माझ्या मते ते आहे. ज्या भाषेला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, तिच्या ग्रंथपालाला महिनाअखेर गाठता येत नसेल, तर कादंबरीच्या आशयसूत्रांवरची आमची चर्चा घरच्या घरीच राहणार.

दुसरे काम आमच्याच हातातले आहे. वाचल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी लिहावे. ॲपवरच्या हप्त्यांविषयी, ध्वनिपुस्तकांविषयी, अभ्यासक्रमात नेमल्यामुळे लाखभर मुलांच्या नजरेखालून जाणाऱ्या आणि नोट्समध्ये विरघळणाऱ्या कादंबऱ्यांविषयी लिहावे. तेही पाच वाचून शंभरांचा निकाल न लावता.

तो मुलगा हिंगोली जिल्ह्यातला. त्याच्या प्रश्नाला मी तेव्हा नगर वाचन मंदिराचा आणि नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयाचा पत्ता सांगितला. पुण्यात पाच वर्षे राहून, रोज या रस्त्यांनी जाऊन-येऊन, त्या दारांतून आपल्याला आत जाता येते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. १८४८मधला दुरावा असा अजून शिल्लक आहे. नंतर तो अधूनमधून येऊ लागला. 'जेव्हा मी जात चोरली होती' त्याने एका रात्रीत वाचले. परीक्षेसाठी त्यातल्या चार गोष्टी करायच्या होत्या, पण उरलेल्या सोडवेनात, असे म्हणाला. मग त्याने त्याच्या खोलीतल्या मुलांसाठी ते पुस्तक पुन्हा मागून नेले. त्या खोलीत सहा जण राहतात.

आईच्या वहीची काही पाने कोरी होती. त्यांतल्या एकावर मी तारीख, पुस्तकाचे नाव आणि "उसने दिले" असे लिहिले आहे. सात महिने झाले, पुस्तक परत आलेले नाही. मी अजून मागितलेले नाही.